गुणगुण, खरखर, शिट्टी: जुन्या टीव्हीतला आवाज ओळखायचा कसा?

"टीव्ही विचित्र आवाज करतोय" असं सांगितलं की जाणता मेकॅनिक लगेच विचारतो, "कसला आवाज?" इथे बहुतेक जण अडखळतात आणि "असाच, घूंऽऽ असा काहीतरी" म्हणून मोकळे होतात. मला याची हळहळ वाटते, कारण मराठीत आवाजांसाठी नेमके शब्द भरपूर आहेत. गुणगुण म्हटलं की एक आवाज कानात येतो, भणभण म्हटलं की दुसरा. खरखर, तडतड, फरफर, शिट्टी, टिकटिक, प्रत्येकाची जात निराळी. आणि पिक्चर ट्यूबच्या जुन्या संचात या प्रत्येक जातीचं घर बऱ्यापैकी ठरलेलं असतं. शब्द अचूक निवडला की निम्मं निदान तिथेच होतं.

उरलेलं निम्मं एका प्रश्नात आहे: हा आवाज कशाबरोबर बदलतो? व्हॉल्यूमबरोबर, पडद्यावरच्या चित्राबरोबर, संच तापत जातो तसा, की हवेतल्या दमटपणाबरोबर? व्हॉल्व्हचे, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्यांचे काळे-पांढरे संच असोत की पिक्चर ट्यूबचे अगदी शेवटचे रंगीत संच, हा प्रश्न सगळीकडे लागू पडतो. यातल्या बऱ्याच तपासण्या मागचं झाकण न उघडता, खुर्चीत बसून करता येतात.

स्पीकरमधून की खोक्यातून?

सगळ्यात आधी व्हॉल्यूम शून्यावर आणा. आवाज गेला, तर तो स्पीकरमधून येत होता आणि व्हॉल्यूम कंट्रोलच्या आधीच्या भागात कुठेतरी तयार होत होता. आवाज तसाच राहिला, तर दोन शक्यता उरतात. एक, तो व्हॉल्यूम कंट्रोलच्या पुढच्या भागात, म्हणजे स्पीकरला ताकद पुरवणाऱ्या आउटपुट स्टेजमध्ये किंवा पॉवर सप्लायमध्ये तयार होऊन स्पीकरमधून येतोय. दोन, त्याचा स्पीकरशी काही संबंधच नाही; आतला एखादा भाग स्वतःच थरथरतोय.

या दोघांत फरक करायला पुठ्ठ्याची नळी पुरते. जाड कागदाची हातभर गुंडाळी करा, एक टोक कानाला लावा आणि दुसरं बंद झाकणावरून हळूहळू फिरवा. डॉक्टरांच्या स्टेथोस्कोपचंच काम ती करते. नळी स्पीकरच्या जाळीसमोर आली की आवाज मोठा होतो, की मागे एका कोपऱ्यात? स्पीकरची वायर काढून पाहायचा मोह होतो, पण व्हॉल्व्हच्या संचात तो टाळा. स्पीकरचा भार नसताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरवर व्होल्टेज बेफाम चढू शकतं आणि तो कायमचा जळतो.

एका व्हॉल्व्ह संचाच्या गुणगुणीसाठी मी सप्लायचे दोन मोठे कंडेन्सर, म्हणजे विद्युतभार साठवणारे भाग, बदलले होते. गुणगुण जशीच्या तशी राहिली. मग नळी फिरवली, तेव्हा आवाज स्पीकरपासून बराच लांब, मेन ट्रान्सफॉर्मरच्या डोक्यावर सगळ्यात मोठा निघाला. संच बंद करून, कंडेन्सर रिकामे करून पाहिलं, तर ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यांना आवळणाऱ्या चार बोल्टांपैकी एकाचा नट चिमटीत धरून फिरवता येत होता. पाऊण वळसा आवळला आणि संच गप्प झाला. लोखंडाचे पत्रे चुंबकत्वामुळे प्रत्येक अर्ध्या लाटेला किंचित ताणले जातात, म्हणून ५० हर्ट्झच्या विजेवर ही थरथर सेकंदाला १०० वेळा होते आणि ६० हर्ट्झवर १२० वेळा. पत्रे घट्ट असतील तर ती ऐकूही येत नाही. तेव्हापासून नळी आधी, कंडेन्सर नंतर, असा क्रम मी कधी मोडलेला नाही.

झाकण उघडण्याआधी

हे टाळून पुढे जाऊ नका. पिक्चर ट्यूबला लागणारा उच्च दाब, ज्याला सगळे ईएचटी म्हणतात, मोठ्या काळ्या-पांढऱ्या संचात साधारण १५,००० व्होल्ट आणि रंगीत संचात २५,००० व्होल्टच्या आसपास असतो. ट्यूबच्या काचेला आतून आणि बाहेरून काळा वाहक थर असतो, मध्ये काच. म्हणजे ट्यूब हाच एक मोठा कंडेन्सर. प्लग काढल्यावरही त्यात विद्युतभार राहतो, काही संचांत कित्येक दिवस. तो उतरवताना जाड इन्सुलेशनची मूठ असलेल्या स्क्रू ड्रायव्हरला वायर बांधतात, वायरचं दुसरं टोक ट्यूबच्या पाठीवरच्या जाळीदार अर्थ पट्टीला लावतात आणि मग ईएचटीची वायर ट्यूबला जिथे जोडलेली असते तिथल्या रबरी टोपीखाली ड्रायव्हरचं टोक सरकवतात. चट्ट आवाज येतो. काही मिनिटांनी पुन्हा एकदा करावं लागतं, कारण काचेत मुरलेला भार हळूहळू परत वर येतो.

दुसरा धोका चेसिसचा, म्हणजे आतल्या धातूच्या सांगाड्याचा. मेन ट्रान्सफॉर्मर नसलेल्या अनेक संचांत विजेची एक तार सरळ चेसिसला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की अख्खं चेसिस लाइव्ह. उघडा संच चालू ठेवून काम करायचं तर संचाला घरच्या विजेपासून अलग ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर हवाच. तिसरा धोका ट्यूबच्या मानेचा: आत निर्वात पोकळी आहे, मानेला हातोडी किंवा पान्याचा धक्का लागू देऊ नका. ज्यांनी हे कधी केलेलं नाही, त्यांनी ऐकण्यावर थांबावं आणि जे ऐकलं ते नीट लिहून मेकॅनिकला द्यावं. त्याचा निम्मा दिवस वाचेल.

वर्षानुवर्षं माळ्यावर पडून असलेला संच थेट प्लगला लावणंही टाळा. इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सरच्या आतला ऑक्साइडचा थर न वापरल्याने पातळ होतो. एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर कंडेन्सर तापून फुटू शकतो. ६० किंवा १०० वॅटचा साधा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावून सुरुवात करावी. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. लख्ख जळत राहिला, तर आत कुठेतरी शॉर्ट आहे आणि तो सापडेपर्यंत आवाजाचा विषय बाजूला ठेवायचा.

गुणगुण: टाकी छोटी झाली

स्पीकरमधून येणारी संथ, खोल, एकसुरी गुणगुण बहुतेक वेळा पॉवर सप्लायची असते. भिंतीतली वीज एसी. संचाला लागते डीसी. रेक्टिफायर वीज एकाच दिशेने पुढे सोडतो, पण ती धक्क्याधक्क्याने. ते धक्के सपाट करायला मोठा फिल्टर कंडेन्सर असतो. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचं काम आठवा: नळाला पाणी थांबून थांबून येतं, टाकीमुळे घरातली धार मात्र सलग राहते. कंडेन्सर वाळला की टाकी छोटी होते, धक्के थेट आवाजाच्या सर्किटपर्यंत पोचतात आणि आपण ते ऐकतो.

रेक्टिफायर डायोडचा, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागाचा बनतो. ५० हर्ट्झच्या विजेवर एकच डायोड असलेल्या सप्लायची गुणगुण ५० हर्ट्झची असते. चार डायोडच्या ब्रिजची १००. बरोबर एका सप्तकाचं अंतर, म्हणून कान तयार असेल तर सप्लायचा प्रकार झाकण न उघडता कळतो. लहान स्पीकर ५० हर्ट्झ धड वाजवू शकत नाहीत. तिथे आपल्याला त्याच्या वरच्या पटीतले सूरच जास्त ऐकू येतात, हे लक्षात ठेवावं. कान साथ देत नसेल तर पडदा पाहा. सप्लायची गुणगुण चित्रातही उतरते: आडवा काळपट पट्टा दिसतो किंवा चित्राच्या कडा वळणदार होतात. एक पट्टा म्हणजे एक डायोड, दोन पट्टे म्हणजे ब्रिज.

थकलेला कंडेन्सर जवळून पाहिला तर बरंच सांगतो. डोक्याची सपाट चकती किंचित फुगलेली असते, बुडाशी तपकिरी चिकट डाग, पायांभोवती वाळलेली पांढरट पूड. अंगावरचं प्लॅस्टिकचं वेष्टन आकसून कडा उघडी पडलेली असते. पण बाहेरून धडधाकट दिसणारा कंडेन्सर आतून कोरडा असू शकतो, त्यामुळे शेवटचा निर्णय मीटरचा. मीटर नसेल तर संच बंद करून, कंडेन्सर रिकामा करून, तेवढ्याच किंवा जास्त व्होल्टेजचा चांगला कंडेन्सर प्लस-मायनस जुळवून समांतर जोडायचा आणि मग संच चालू करायचा. गुणगुण गेली तर गुन्हेगार सापडला. चालू संचात हे करू नका. अचानक आलेल्या करंटच्या लोंढ्याने दुसरंच काहीतरी उडतं.

याला एक अपवाद आहे. संच चालू केल्यावर आधी गुणगुण नसते, व्हॉल्व्ह तापले की हळूहळू चढते, आणि व्हॉल्यूम कमी केला की कमी होते. ही टाकीची गोष्ट नव्हे. इथे बहुधा एखाद्या व्हॉल्व्हच्या आत हीटर (तापवणारी तार) आणि कॅथोड (त्या तापाने इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) यांच्यामधलं इन्सुलेशन गळतंय. हीटरला एसी असते, ती थेट आवाजात मिसळते. व्हॉल्व्ह बदलून पाहणं हाच उपाय.

चित्राबरोबर बदलणारी भर्र

हा माझ्या मते सगळ्यात फसवा आवाज. भर्रऽऽ असा, माशी कागदाच्या पुडीत अडकल्यासारखा. आणि तो चित्र बदलेल तसा बदलतो: अंधाऱ्या दृश्यात गायब, पांढऱ्याशुभ्र अक्षरांची पाटी आली की एकदम जोरात. लोक कंडेन्सर बदलत बसतात आणि काहीच होत नाही.

कारण समजून घ्यायला एक पायरी मागे जाऊ. जुन्या ॲनालॉग प्रसारणाच्या बहुतेक पद्धतींत चित्र आणि आवाज दोन वेगळ्या वाहक लहरींवर येत आणि दोघींमधलं अंतर ठरलेलं असे: चित्र ६२५ आडव्या रेषांत काढणाऱ्या अनेक पद्धतींत ५.५ मेगाहर्ट्झ, ब्रिटनमध्ये ६, अमेरिकेत ४.५. संच या दोन लहरी एकमेकींत मिसळतो आणि त्यांच्या फरकाची जी तिसरी लहर तयार होते तिच्यातून आवाज काढतो. युक्ती छान आहे, कारण ट्यूनिंग थोडं सरकलं तरी फरक तेवढाच राहतो आणि आवाज बिघडत नाही. पण यात चित्राची लहर सतत हजर असावी लागते. या पद्धतींत चित्र जितकं पांढरं, तितकी लहर क्षीण. फार पांढऱ्या जागी ती जवळजवळ शून्यावर गेली, की तेवढ्या क्षणापुरती फरकाची लहरही नाहीशी होते आणि आवाजात भोक पडतं. दर फील्डला, म्हणजे पडद्यावरच्या वरून खाली प्रत्येक फेरीला, अशी भोकं पडली की सेकंदाला ५० किंवा ६० वेळांची भर्र ऐकू येते.

म्हणून आधी संशय संचावर घेऊ नका. आज जुन्या संचाला सहसा एखाद्या मॉड्युलेटरच्या, म्हणजे चित्र आणि आवाज वाहक लहरींवर चढवणाऱ्या डबीतून सिग्नल दिला जातो. त्या डबीची चित्राची पातळी जास्त ठेवलेली असेल, तर संच निर्दोष असूनही भर्र येते. पातळी थोडी कमी करून पाहा. पुष्कळदा काम तिथेच संपतं. नुसता फसफसणारा गोंगाट येतो आणि शब्दच कळत नाहीत, तेव्हा डबीचं चित्र-आवाजाचं अंतर संचाच्या पद्धतीशी जुळत नसतं: डबी ६ वर आणि संच ५.५ चा, असं काहीतरी.

डबी ठीक असेल तर मग संचाचा आवाज वेगळा करणारा भाग, म्हणजे साउंड डिटेक्टर. त्याने लहरीच्या उंचीतल्या चढउतारांकडे दुर्लक्ष करून फक्त वारंवारता वाचायची असते. रेशो डिटेक्टर असलेल्या जुन्या संचांत यासाठी काही मायक्रोफॅरडचा एक छोटा इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर असतो. तो वाळला की दुर्लक्ष करण्याची ही ताकद जाते आणि भर्र आत शिरते. मोठे कंडेन्सर बदलणाऱ्यांच्या नजरेतून हा बारका नेहमी सुटतो. तोही चांगला असेल तरच डिटेक्टरच्या कॉइलला हात लावा. आधी पेन्सिलने खूण करा, प्लॅस्टिकचं चपखल बसणारं हत्यार वापरा, आणि पाव वळशापेक्षा जास्त फिरवावं लागतंय असं दिसलं तर थांबा. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने आतली फेराइटची गोळी फुटते, आणि मग कॉइलच मिळवत बसावी लागते.

एक भर्र अशीही असते जी चित्राच्या मजकुराला दाद देत नाही. तिच्यासाठी व्हर्टिकल होल्डची, म्हणजे चित्र वर-खाली सरकू न देणारी खुंटी थोडी फिरवा. चित्र वर किंवा खाली सरकायला लागेल. त्याच वेळी भर्रचा सूरही बदलला, तर ती व्हर्टिकल विभागातून आवाजात झिरपतेय. दोन्ही विभागांना सामाईक असलेला, एकाचा सिग्नल दुसऱ्यात जाऊ न देणारा डीकपलिंग कंडेन्सर पाहा, आणि स्पीकरची वायर योकला (ट्यूबच्या मानेवरच्या, झोत वळवणाऱ्या कॉइलला) चिकटून तर जात नाही ना, तेही.

फ्रेंच प्रसारणाच्या आणि ब्रिटनच्या जुन्या ४०५ रेषांच्या संचांत हा फरकाच्या लहरीचा मामलाच नाही, कारण तिथे आवाज एएम पद्धतीने, म्हणजे वारंवारतेऐवजी लहरीच्या उंचीतून येई. संग्राहकांनी हे ध्यानात ठेवावं.

खरखर आणि तिची भावंडं

व्हॉल्यूमची खुंटी फिरवताना येणारी खरखर म्हणजे आतल्या कार्बनच्या पट्टीवरची धूळ किंवा झीज. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मारून खुंटी वीस-तीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली की बहुधा जाते. काही दिवसांत परत आली तर त्याआधीचा कपलिंग कंडेन्सर तपासा. तो डीसी गळू देत असेल तर नवी खुंटीसुद्धा खरखरेल. खुंटीला हात न लावता मधूनच तडतड होत असेल तर अँटेना काढा. थांबली तर बाहेरची: चार्जर, मोटर, एखादा स्वस्त एलईडी दिवा. थांबली नाही तर आतला ड्राय सोल्डर (नीट न धरलेला डाख), व्हॉल्व्हची सैल पिन किंवा जुनाट कार्बन रेझिस्टन्स. लाकडी काडीने एकेका भागावर हलकी टिचकी मारत गेलं की कुठे हात लागला असता तडतड वाढते ते कळतं.

टिचकी मारल्यावर स्पीकरमधून घंटेसारखा टण्ण नाद आला तर तो व्हॉल्व्ह आतून सैल झालाय. व्हॉल्यूम वाढवला की स्पीकरची थरथर त्याच व्हॉल्व्हला हलवते आणि नाद वाढत वाढत किंकाळी होते. ठरावीक सुरांवरच फरफर येते तेव्हा स्पीकरचा कागद फाटलाय किंवा जाळीचा खिळा सैल आहे. खिळा आधी बघा.

शिट्टी: मुलांना ऐकू येणारा टीव्ही

आता स्पीकर सोडून खोक्याकडे वळू. शेजारच्या खोलीतून एखादं लहान मूल म्हणतं, "टीव्ही चालूच राहिलाय," आणि मोठ्यांना काहीच ऐकू येत नाही. मूल खरं सांगतंय. ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रं, म्हणजे इलेक्ट्रॉनचा झोत सेकंदाला १५,६२५ वेळा पडदाभर आडवा धावतो. हे काम करणारा ट्रान्सफॉर्मर, ज्याला कुणी फ्लायबॅक, कुणी एलओटी म्हणतं, त्याच वेगाने थरथरतो. तरुण कान साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतात. वय वाढतं तशी वरची हद्द खाली येते आणि १५,६२५ त्या हद्दीबाहेर पडते. अमेरिकी रंगीत संचाची शिट्टी १५,७३४ हर्ट्झची. ४०५ रेषांच्या ब्रिटिश संचाची १०,१२५, म्हणून ती मोठ्यांनाही ऐकू यायची. ८१९ रेषांच्या जुन्या फ्रेंच संचाची २०,४७५, म्हणजे जवळजवळ कुणालाच नाही.

मंद शिट्टी हा दोष नव्हे. ती अचानक वाढली तर फ्लायबॅकच्या फेराइट गाभ्याचे दोन तुकडे धरून ठेवणारी क्लिप सैल झालेली असते किंवा त्यातली लाख सुकून सुटलेली असते. क्लिप बेताने आवळा. दोन तुकड्यांच्या मधली पातळ फट मुद्दाम ठेवलेली असते, ती बुजवू नका.

शिट्टीचा सूर उतरणं मात्र गंभीर. ज्याला ती एरवी ऐकू येत नव्हती त्यालाही ती ऐकू यायला लागली आणि पडद्यावर चित्राऐवजी तिरप्या रेघा दिसू लागल्या, तर होरिझॉन्टल ऑसिलेटर, म्हणजे झोताच्या आडव्या धावण्याला ठेका देणारा भाग, मूळ वेगापेक्षा हळू चालतोय. (या आडव्या विभागालाच लाइन विभागही म्हणतात.) प्रत्येक फेरी लांबली की आउटपुट स्टेजमधून जाणारा करंट वाढतो. असा संच रेंगाळत चालू ठेवला तर ती स्टेज जळते.

शिट्टी पूर्ण थांबणं हीदेखील मोठी खूण आहे. व्हॉल्व्हच्या संचात ऑसिलेटर थांबला की लाइन आउटपुट व्हॉल्व्हला लगाम राहत नाही, आणि मिनिटभरात त्याची आतली प्लेट लालबुंद दिसू लागते. तेव्हा क्षणभरही न थांबता बंद करा. ज्यांना शिट्टी ऐकू येत नाही त्यांनी फोनवर आवाजाचा स्पेक्ट्रम दाखवणारं एखादं ॲप घ्यावं. फोन संचाजवळ धरला की १५ हजारांच्या थोडं पुढे एक बारीक उभा सुळका उमटतो. सुळका आहे म्हणजे लाइन विभाग चालतोय. कान उतरलेल्या माणसाला याहून मोठी मदत मला माहीत नाही.

शिट्टीऐवजी टिक्… टिक्… टिक् असा घड्याळासारखा ठेका येतो आणि पडदा काळाच राहतो, हा नंतरच्या ट्रान्झिस्टर संचांचा आजार. स्विचिंग सप्लाय चालू व्हायचा प्रयत्न करतो, पुढे शॉर्ट आहे हे त्याला कळतं, तो बंद होतो, पुन्हा प्रयत्न करतो. पहिला संशय लाइन आउटपुट ट्रान्झिस्टरवर. संच बंद करून, कंडेन्सर रिकामे करून मल्टिमीटरने कलेक्टर-एमिटर तपासा. आत डायोड असल्याने एका दिशेने वाट मिळणं स्वाभाविक. दोन्ही दिशांनी शून्याजवळ दाखवलं तर तो गेला. नवा घालण्याआधी फ्लायबॅक आतून शॉर्ट नाही ना याची खात्री करा, नाहीतर नवाही त्याच वाटेने जातो.

सूंऽ आणि चट्ट

दमट दिवसांत खोक्याच्या मागून सूंऽऽ असा फुत्कार येतो आणि झेरॉक्स यंत्राजवळ येतो तसला उग्र वास. तो वास ओझोनचा. उच्च दाबाची वीज हवेत गळतेय, याला कोरोना म्हणतात.

तो शोधायची पद्धत मला फार आवडते. खोलीत पूर्ण अंधार करायचा, पडद्याचा उजेड जाड कापडाने झाकायचा आणि झाकण काढलेल्या संचापासून हातभर लांब, हात पाठीमागे बांधून उभं राहायचं. डोळे अंधाराला सरावायला दहा मिनिटं द्यायची. मग दिसतं: रबरी टोपीच्या कडेला जांभळा, धुकट ठिपका, मोहरीएवढा. कधी त्यातून बारीक शेपटी फुटते, काचेवरच्या धुळीच्या रेषेवरून सरपटते आणि विझते. फुत्कार आणि ठिपका एकाच लयीत लुकलुकतात. दिवसाउजेडी तासन्‌तास शोधून न सापडणारी जागा अशी आपणहून दिसते.

ट्यूब रिकामी करून ती जागा आणि भोवतालची काच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या, टोपी तडकली असेल तर बदला. वर सिलिकॉन ग्रीसचा थर. बांधकामाचं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लावू नका. त्यातलं आम्ल धातू खातं. ठिपका फ्लायबॅकच्या अंगावरच असेल तर इन्सुलेशनला तडा गेलाय. लेप देऊन काही काळ चालतं, पण खरा उपाय फ्लायबॅक बदलणं.

कोरोना वाढत गेला की ठिणगी पडते: चट्ट! आणि प्रत्येक चट्टला चित्र दचकतं. क्वचित, आठवड्यातून एखादी, ट्यूबच्या मानेत आतल्या आत पडते. त्यासाठी ट्यूबच्या सॉकेटवर स्पार्क गॅप, म्हणजे ठिणगीला सुरक्षित वाट देणाऱ्या फटी, मुद्दाम दिलेल्या असतात. पण एकदम ठिकठिकाणी ठिणग्या, आणि सोबत चित्र चारही बाजूंनी आक्रसलेलं, असं दिसलं तर ताबडतोब प्लग काढा. दाब मर्यादेबाहेर चढलाय. ट्रान्झिस्टर संचात लाइन आउटपुटजवळचा ट्यूनिंग कंडेन्सर तुटल्यावर हे होतं, आणि इतक्या दाबाला क्ष-किरणांचाही धोका असतो. हा संच बल्ब लावूनसुद्धा "जरा बघू" म्हणून चालू करायचा नाही.

घाबरू नये असे आवाज

रंगीत संच चालू करताच धम्म होऊन एक-दोन सेकंद घुंऽऽ येतं, ती डिगॉसिंग कॉइल. ट्यूबच्या आतल्या जाळीला चिकटलेलं चुंबकत्व पुसायला तिच्यातून क्षणभर जबर करंट जातो आणि एक थर्मिस्टर तापून तो आवरतो. घुंऽ थांबतच नसेल आणि चित्राचे रंग थरथरत राहिले, तर थर्मिस्टर बदला.

पडदा उजळताना काचेवरून सर्रर आवाज येतो आणि हात जवळ नेला तर लव उभी राहते, ती काचेवरची स्थिर वीज. संच बंद केल्यावर तीच पुन्हा चुरचुरते. मग अर्धा तास मधूनच टक्, टक्. तापलेलं प्लॅस्टिक, पत्रा आणि लाकूड आपापल्या वेगाने आकसत असतात, कुठेतरी अडकतात आणि सुटतात. या टकटकीला ठेका नसतो, ती विरळ होत जाते आणि संच हाताला गार लागेपर्यंत थांबते. ट्यूबमधला भार मात्र तेव्हाही तसाच असतो.